'दे लिव्ह' अजून का मरत नाही?

रात्रपाळी

ग्राहकसंस्कृतीवर तोंडसुख घेणारे सिनेमे ढिगाने आहेत. बहुतेकांचं आयुष्य एखाद्या महोत्सवापुरतं. जॉन कार्पेंटरचा 'दे लिव्ह' मात्र नोव्हेंबर १९८८ मध्ये आला, पहिल्या वीकेंडला अमेरिकेत एक नंबरवर गेला, लगेच घसरला, आणि अजून लोक त्यावर भांडताहेत. रबरी मुखवटे, हिरो म्हणून कुस्तीच्या शोमधला पैलवान, टाळ्याखाऊ संवाद. कागदावर पाहिलं तर व्हिडिओ पार्लरच्या खालच्या फळीवर धूळ खात पडायचा माल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (रहस्यभेद आहे, पण इतक्या वर्षांनी आता काय!). कामाच्या शोधात लॉस एंजेलिसला आलेला एक मजूर. पाठीवर पथारी, सोबत स्वतःची हत्यारं. एका चर्चच्या भिंतीत लपवलेली काळ्या चष्म्यांची खोकी त्याच्या हाती लागतात. चष्मा लावला की जग कृष्णधवल. कॉम्प्युटर कंपनीच्या होर्डिंगवर एकच शब्द उरतो, 'ओबे', म्हणजे आज्ञा पाळ. कॅरिबियन सहलीच्या जाहिरातीत पहुडलेली बाई गायब, तिथे लग्न करा आणि प्रजा वाढवा असा हुकूम. सेलच्या पाटीवर 'कन्झ्यूम', म्हणजे खरेदी कर, उपभोग घे. मासिकांच्या स्टॉलवर पान न् पान तेच. नोटेवर लिहिलंय, हा तुझा देव. आणि गर्दीतल्या काही सुटाबुटातल्या मंडळींचे चेहरे कवटीसारखे, डोळे बटबटीत. परग्रहवासी आपल्यात राहताहेत, धंदा करताहेत.

सगळ्यांना हे फलक लक्षात राहतात. माझं म्हणणं असं की सिनेमा टिकलाय तो त्या फलकांच्या आधीच्या अर्ध्या तासामुळे. त्यात एकही परग्रहवासी दिसत नाही. माणूस रोजगार कार्यालयात जातो, खिडकीमागची बाई त्याच्याकडे नीट बघतही नाही. बांधकामावर काम मिळतं, राहायची सोय नाही. सोबतचा फ्रँक त्याला झोपड्यांच्या वस्तीत घेऊन जातो, तिथे गरम जेवण मिळतं. उघड्यावर ठेवलेल्या टीव्हीवर श्रीमंतीची स्वप्नं चालू. मग एका रात्री पोलीस, हेलिकॉप्टर आणि बुलडोझर येतात आणि वस्ती साफ करतात. चष्म्याशिवाय हे सगळं स्पष्ट दिसत असतं. कार्पेंटर जणू विचारतोय, एवढं दिसूनही तुला चष्मा लागतो होय?

मंडळींचं मत काय?

अर्धाकप

माझं मत: हिरो आणि फ्रँकची गल्लीतली मारामारी पुढे ढकलून बघावा. चष्मा लाव, नाही लावत, चष्मा लाव, नाही लावत, आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ नुसती रेड्यांची टक्कर. मी मधे उठून चहा टाकून आलो तरी चालूच होती.

पहिल्या अर्ध्या तासाबद्दल मात्र सहमत. पण खरं सांगा रात्रपाळीशेठ, लोक त्यासाठी बघतात का? लोक 'बबलगम'च्या संवादासाठी बघतात (मी इथे बबलगम चघळायला आणि धुलाई करायला आलोय, आणि बबलगम संपलंय).

घाटमाथा

चहा टाकायला गेलात तिथेच सिनेमा हुकला. :)

ती मारामारी मुद्दाम तेवढी लांब आहे. रॉडी पायपर (हिरो) आणि कीथ डेव्हिड (फ्रँक) यांनी तिची कित्येक आठवडे तालीम केली होती. पायपर पेशाने व्यावसायिक कुस्तीवाला. १९८७च्या तिसऱ्या रेसलमेनियाच्या, म्हणजे व्यावसायिक कुस्तीच्या मोठ्या शोच्या वेळी कार्पेंटर त्याला भेटला आणि तिथून त्याला या भूमिकेसाठी उचललं. गुळगुळीत चेहऱ्याचा नट नको होता, अंगावर कष्टाच्या खुणा असलेला हवा होता.

मारामारी कशावरून चाललीय ते बघा. मित्र मित्राला म्हणतोय, एकदा हा चष्मा लावून बघ. एवढंच. त्यासाठी दोघं एकमेकांची हाडं खिळखिळी करतात. फ्रँकला बायकामुलांना पैसे पाठवायचेत, त्याला भानगड नकोय. न बघण्यात त्याचा फायदा आहे आणि ते त्याला आतून माहीत आहे. स्लावोय झिझेक या तत्त्वज्ञाने २०१२च्या माहितीपटात याच प्रसंगावर बोट ठेवलं: भ्रमातून बाहेर पडणं दुखतं, माणसाला तिथून ओढून काढावं लागतं. झिझेक अनेकदा काहीही बोलतो, पण इथे बरोबर बोललाय.

आता कल्पना करा, ही मारामारी चाळीस सेकंदांत उरकली असती. फ्रँकने चष्मा लावला, अरेच्चा म्हणाला, चला क्रांती करू. असे सिनेमे शेकड्याने आहेत आणि त्यांचे धागे निघत नाहीत.

कंटाळवाणी_दुपार

माझा पोटापाण्याचा धंदा जाहिरातीचा, त्यामुळे या सिनेमाशी माझं नातं जरा वाकडं आहे.

पहिली गोष्ट, ते फलक. पांढरी पार्श्वभूमी, काळी ठळक अक्षरं, बाकी काही नाही. फोन नंबर नाही, तळाला बारीक टाइपातल्या अटी नाहीत, 'लोगो अजून थोडा मोठा करा' म्हणणारा क्लायंट नाही. होर्डिंगचा नियम असतो की धावत्या गाडीतून एका नजरेत वाचून झालं पाहिजे. त्या कसोटीवर सिनेमाइतिहासातली ही सगळ्यात यशस्वी कॅम्पेन आहे. एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. जाहिरातीविरुद्धचा सिनेमा टिकला तो उत्तम जाहिरात केल्यामुळे, हे माझं प्रामाणिक व्यावसायिक मत.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. जाहिरात अशी चालतच नाही. कुठलाही ब्रँड 'आज्ञा पाळ' म्हणत नाही. तो म्हणतो, तू वेगळी आहेस, तू स्वतःच्या मनाची राणी आहेस, म्हणून हा शाम्पू. छुप्या हुकुमाची ही कल्पना १९५७ची. त्या वर्षी व्हान्स पॅकार्डचं 'द हिडन पर्स्युएडर्स' हे पुस्तक आलं. त्याच वर्षी जेम्स विकारी नावाच्या गृहस्थाने जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथल्या थिएटरात सिनेमा चालू असताना आपण निमिषभर 'पॉपकॉर्न खा', 'कोका-कोला प्या' असे संदेश दाखवले आणि खप वाढला. अमेरिका हादरली. १९६२ मध्ये त्यानेच मान्य केलं की प्रयोगात दम नव्हता, धंदा डबघाईला आला होता म्हणून ही पुडी सोडली होती.

म्हणजे सिनेमा उभा आहे तो एका थापेवर. तरी टिकलाय, कारण ती थाप आपल्याला हवीहवीशी वाटते. गरज नसताना घेतलेला तिसरा मिक्सर 'त्यांनी' घ्यायला लावला म्हटलं की आपण सुटलो.

रात्रपाळी

दुपारताई, दंडवत. विकारीची गोष्ट आपल्याकडे लोक अजून शास्त्र म्हणून सांगतात.

पण सिनेमा सगळं खापर छुप्या हुकुमांवर फोडत नाही. वस्तीत टीव्हीसमोर बसलेला तो भटक्या आठवा. शेवटाकडे तोच टक्सेडो घालून मेजवानीत भेटतो. त्याच्यावर कुणी संमोहन केलेलं नाही. त्याला सगळं माहीत आहे, आणि तो हिरो-फ्रँकला आनंदाने सगळी इमारत फिरवून दाखवतो, कारण त्याला वाटतं हेही आपल्यासारखेच भरती झालेत. त्याचं म्हणणं, सगळेच रोज विकले जातात, मग जिंकणाऱ्यांच्या बाजूने का असू नये? मेजवानीतले बाकीचे लोक माणसंच आहेत. त्यांचं वार्षिक उत्पन्न किती टक्क्यांनी वाढलं ते त्यांना भाषणात सांगितलं जातं आणि टाळ्या पडतात.

मला वाटतं सिनेमातला सगळ्यात भीतिदायक चेहरा त्या भटक्याचा आहे, कवटीवाल्यांचा नाही.

कंटाळवाणी_दुपार

तो भटक्या म्हणजे आमच्या एजन्सीत महिन्याला एक या दराने भरती होतो. आधी पथनाट्य करत असतो.

नदीपल्याड

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी पिट्सबर्गला असतो, अमेरिकेतलं जुनं पोलादाचं शहर.

फ्रँकचं सुरुवातीचं बोलणं आठवा. पोलाद कंपन्या अडचणीत होत्या तेव्हा कामगारांनी पगारात कपात सोसली, आणि मालकांनी स्वतःला पगारवाढ दिली. अमेरिकेबाहेर हा नुसता संवाद वाटतो. इकडे जुन्या माणसांना तो बातमीसारखा ऐकू येतो. १९८२ मध्ये यू. एस. स्टीलने सुमारे सहा अब्ज डॉलर मोजून मॅरेथॉन ही तेलकंपनी घेतली. त्याच काळात इथल्या भट्ट्या एकामागोमाग विझत होत्या आणि कारखान्यांत नवी यंत्रं घालायला पैसे नाहीत असं सांगितलं जात होतं. मोनॉन्गहेला नदीकाठचा होमस्टेडचा अवाढव्य कारखाना, १८९२च्या संपामुळे इतिहासात गेलेला, तो १९८६ मध्ये बंद पडला. सिनेमाच्या आधी दोनच वर्षं.

आता त्या जागी काय आहे? 'वॉटरफ्रंट' नावाचं शॉपिंग सेंटर. १९९९ मध्ये उघडलं. दुकानं, रेस्टॉरंटं, मल्टिप्लेक्स. कारखान्याच्या विटांच्या डझनभर चिमण्या ओळीने उभ्या ठेवल्यात, शोभेला. आम्ही वीकेंडला तिथेच सिनेमा बघतो. पार्किंगमधून बाहेर पडलं की समोर चिमण्या.

'दे लिव्ह'ला ग्राहकसंस्कृतीवरचा सिनेमा म्हणतात तेव्हा मला वाटतं अर्धंच सांगितलं जातंय. जिथे माणसं वस्तू बनवत होती तिथे फक्त विकत घ्यायची सोय उरली, त्या बदलावरचा तो सिनेमा आहे. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने संपावर गेलेल्या अकरा हजारांहून जास्त हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात काढलं. त्यानंतर संपाची धारच गेली. हिरो डेन्व्हरहून आलाय, तिथल्या बँका बुडाल्यात, हेही तो बोलता बोलता सांगतो. आणि प्रदर्शनाची तारीख बघा: ४ नोव्हेंबर १९८८. चार दिवसांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान होतं. रेगनचेच उपाध्यक्ष थोरले बुश निवडून आले.

पत्र्याची_पेटी

+१. लालबागला वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२, मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप. फिनिक्स मिलचा मॉल झाला. आमच्या चाळीतली पोरं तिथे सिक्युरिटीत लागली.

अर्धाकप

अवांतर होतंय. गिरणी संप आणि 'दे लिव्ह' यांचा संबंध नाही, कार्पेंटरला गिरगाव कुठे ते माहीत नव्हतं.

पत्र्याची_पेटी

गिरणगाव. गिरगाव वेगळं.

आणि संबंध कार्पेंटरनेच लावून दिलाय. बंडखोरांच्या गुप्त बैठकीत एक जण समजावतो की हे परग्रहवासी मुक्त बाजारवाले आहेत, पृथ्वी म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक विकसनशील ग्रह, त्यांचं तिसरं जग. अमेरिकन प्रेक्षकाला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं की तुमच्याशी जे होतंय ते तुम्ही बाकीच्यांशी करत आलात. म्हणून आपल्याला तो परका वाटत नाही.

घाटमाथा

पेटीकाका, क्या बात! ते वाक्य मी चार वेळा ऐकलं असेल आणि चारही वेळा पुढच्या गोळीबाराची वाट बघत होतो.

सत्यदर्शी_०७

हा सिनेमा नाही, माहितीपट आहे. 'ते' कोण आहेत सगळ्यांना माहीत आहे. बँका कुणाच्या, चॅनेल कुणाचे, शोधा म्हणजे सापडेल. चष्मा लावा.

घाटमाथा

आलात! वाटच बघत होतो.

हे सिनेमाच्या दीर्घायुष्याचं घाणेरडं अंग. 'ते' ही जागा रिकामी आहे, ज्याला जो नको तो तिथे बसवता येतो. नवनाझींनी वर्षानुवर्षं हा सिनेमा ज्यूंबद्दल आहे असा प्रचार चालवला. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये कार्पेंटरने स्वतः ट्विटरवर लिहिलं की सिनेमा यप्पींबद्दल (शहरी, पैसेवाले तरुण नोकरदार) आणि बेलगाम भांडवलशाहीबद्दल आहे, ज्यूंच्या जागतिक नियंत्रणाशी त्याचा काही संबंध नाही, ती बदनामी आणि खोटं आहे. दिग्दर्शकाला आपल्या सिनेमाचा अर्थ असा जाहीर सांगावा लागणं म्हणजे कठीणच.

पण प्रामाणिकपणे, दोष सिनेमातही आहे. शोषण करणारा जर चेहऱ्यावरून ओळखू येत असेल, तो जन्मानेच वेगळा असेल, तर गोळी घालणं सोपं होतं. हिरो बँकेत शिरून तेच करतो आणि आपण शिट्ट्या मारतो. व्यवस्थेवरचा राग जमातीवरच्या रागात बदलायला मग किती वेळ लागतो?

रात्रपाळी

घाटमाथा, मान्य, आणि म्हणूनच मी मगाशी भटक्याला एवढं महत्त्व देत होतो. सिनेमात माणसं विकली गेलेली दाखवली नसती तर सत्यदर्शींना अडवायला हाताशी काहीच नव्हतं.

संपादक

सत्यदर्शी_०७ यांचे पुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्यावर सिनेमाबद्दल बोलावे.

ढ_तुकडी

माझ्याकडे 'ओबे'चा टीशर्ट आहे. हा त्या सिनेमातला शब्द आहे हे आज कळलं. मला वाटायचं सिनेमाने ब्रँडवरून उचललाय.

कंटाळवाणी_दुपार

उलटं आहे, आणि ही गोष्ट सिनेमाहून भारी आहे.

शेपर्ड फेअरी नावाचा कला शाळेतला विद्यार्थी. १९८९ मध्ये त्याने आंद्रे द जायंट या अजस्र कुस्तीपटूच्या चेहऱ्याचे स्टिकर छापून ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या भिंतींवर, खांबांवर चिकटवले. अर्थ काहीच नाही, नुसतं लोकांना कोड्यात टाकायचं. पुढे आंद्रेच्या नावाच्या हक्कांवरून कायदेशीर तंबी मिळाली तसा चेहरा आणखी ठसठशीत, नावाशिवायचा केला, आणि खाली 'दे लिव्ह'मधला शब्द टाकला. २००१ पासून त्याच नावाने कपड्यांचा ब्रँड. याच माणसाने २००८ मध्ये ओबामाचं ते लाल-निळं 'होप' पोस्टर केलं.

घाटमाथांनी वर सांगितलेल्या तिसऱ्या रेसलमेनियाची मुख्य लढत माहितीय? हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. एकाच कुस्तीच्या रात्रीतून सिनेमाला हिरो मिळाला आणि त्याच रिंगणातल्या दुसऱ्या पैलवानाचा चेहरा सिनेमातल्या शब्दासकट टीशर्टवर गेला.

तर ढ_तुकडी, ग्राहकसंस्कृतीवर टीका करणारा शब्द तू पैसे देऊन छातीवर लावून फिरतोयस. काढू नकोस, ब्रँड म्हणून काम चोख आहे.

ढ_तुकडी

सेलमध्ये घेतला होता, त्यामुळे अपराधी वाटत नाही.

एक शंका. सिनेमात सगळ्यांना एकच फलक दिसतो. आता रस्त्यावर होर्डिंग कोण बघतं, मान खाली मोबाइलमध्ये. माझ्या आणि माझ्या बहिणीच्या फोनवर एकाच घरात बसून वेगळ्या जाहिराती येतात. मी चष्मा लावला आणि तिला म्हटलं बघ, तर तिला दिसणारच नाही मला काय दिसतंय. मग मारामारी कशावरून करायची?

नदीपल्याड

वा. हा प्रतिसाद वेगळा धागा काढण्याच्या लायकीचा आहे.

घाटमाथा

उत्तर नाही, पण जवळपासची एक गोष्ट. सिनेमा रे नेल्सनच्या १९६३ मधल्या छोट्या कथेवर बेतलेला आहे. कथेत चष्माच नाही. संमोहनाच्या प्रयोगानंतर कथेचा नायक जॉर्ज नाडा जरा जास्तच जागा होतो, आणि मग त्याला दिसू लागतं. एकदा जागा झाला की परत झोपायची सोय नाही. हुकूमही थोडे वेगळे, त्यात आठ तास काम करा, आठ तास खेळा, आठ तास झोपा असं वेळापत्रकच दिलंय.

चष्मा कार्पेंटरने घातला, आणि तिथे खरी अक्कल दिसते. चष्मा काढता येतो. काढला की रंग परत, बाई परत, कॅरिबियन परत. वर तो जास्त वेळ लावला की डोकं ठणकतं, म्हणून पुढे बंडखोर कॉन्टॅक्ट लेन्स वाटतात. बघणं ही एकदाची घटना न राहता दर वेळी नव्याने करायची गोष्ट होते. थिएटरातून बाहेर पडलेला माणूस पहिल्या होर्डिंगकडे दोन सेकंद जास्त बघतो, ते त्या उघडझाकीमुळे. मोबाइलवर ही उघडझाक कशी करायची ते ढ_तुकडीनेच शोधावं.

कंटाळवाणी_दुपार

आम्ही शोधलीय. त्याला 'स्किप ॲड' म्हणतात, आणि त्याचेही पैसे घेतो.

अर्धाकप

एवढा सगळा ऊहापोह वाचून काल रात्री परत बघितला. मारामारी या वेळी पूर्ण. अजूनही लांबच वाटते, पण हिरो चष्मा लाव म्हणतो तेव्हा फ्रँकचा चेहरा बघण्यासारखा आहे. कीथ डेव्हिड चांगला नट आहे हो, सगळं कौतुक पैलवानालाच.

आणि एक कुणी लिहिलं नाही. परग्रहवासीयांचे खरे चेहरे लपवणारं प्रक्षेपण शेवटी तुटल्यावर टीव्हीवर दोन समीक्षक दिसतात, मुखवटे गळून पडलेले, आणि हल्लीच्या सिनेमात हिंसा फार झाली, जॉर्ज रोमेरो (भयपटांचा दिग्दर्शक) आणि जॉन कार्पेंटर यांनी आवरतं घ्यावं असं गंभीरपणे सांगत असतात. फिस्सकन हसलो.

पत्र्याची_पेटी

अर्धाकप, स्वागत आहे. बजेट किती होतं कुणाला माहीत आहे? मुखवटे बघून वाटतं गणेशोत्सवाच्या देखाव्यातले उरलेले आणले.

रात्रपाळी

तीनेक दशलक्ष डॉलरच्या घरात, पेटीकाका. त्या मानाने अमेरिकेत तेरा दशलक्षांच्या आसपास कमावले. १९८६ मध्ये मोठ्या स्टुडिओचा मोठ्या बजेटचा सिनेमा आपटल्यावर कार्पेंटर कमी पैशांत पण आपल्या मर्जीने काम करायला गेला, त्यातला हा दुसरा. पटकथेवर त्याने स्वतःचं नावही लावलं नाही, फ्रँक आर्मिटेज असं टोपणनाव घेतलं, आणि तेच नाव कीथ डेव्हिडच्या पात्राला दिलं. पैसे जास्त असते तर मुखवटे बरे झाले असते, आणि ते तिसऱ्या जगाचं वाक्य पहिल्याच बैठकीत कुणीतरी कापलं असतं.

पत्र्याची_पेटी

मग मुखवटे माफ.

रविवारी मुलगा-सून, नातवंडं सगळे घरी आहेत. एकत्र बघायला ठीक आहे ना?

अर्धाकप

गोळीबार चालत असेल तर हरकत नाही. पण अगदी शेवटच्या प्रसंगाला रिमोट हातात ठेवा काका. परग्रहवासी पलंगावर सापडलाय आणि एकटा नाहीये.